जावकबाईंची सही

परराष्ट्र खात्यातून बाहेर जाणारा कागद राजाला लिहिलेला असो की रद्दीवाल्याला, जावकबाईंच्या टेबलावरून गेल्याशिवाय त्याला गती नव्हती. बाई कागदाच्या डोक्यावर क्रमांक टाकायच्या, बाजूला वेळ लिहायच्या, गोल शिक्का मारायच्या, आणि मगच तो कागद सरकारचा व्हायचा. एकतीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. हुद्दा कक्ष अधिकाऱ्याचा, म्हणजे खात्याच्या शिडीवर खालून दुसरी पायरी. पण हात असा चालायचा की कागद टेबलावर पडला आणि गेला. या चटपटीतपणाचा बाईंना अभिमान होता, आणि का नसावा? मिरवायला दुसरं त्या खात्याने त्यांना दिलं तरी काय होतं?

त्या सोमवारी हाच चटपटीतपणा नडला.

सकाळी दहा पस्तीसला नव्या मंत्र्यांचे खाजगी सचिव स्वतः नऊ पाकिटं घेऊन आले. माणूस पस्तिशीचा, शर्ट असा कडक की हात वाकवला तर मोडायची भीती. पाठीमागे सगळे त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायचे. त्यांनी पाकिटं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, लगेच क्रमांक टाका. बाईंनी पहिला कागद उघडला. खात्याचे सचिव तात्काळ बडतर्फ. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तसेच. सचिव, दोन अतिरिक्त सचिव आणि सहा सहसचिव. घराचं छप्परच काढून नेलं की हो. कारण कागदात नव्हतं, पण बाईंना ठाऊक होतं. मंत्र्यांना एक करार घाईघाईत उरकायचा होता, आणि या नऊ जणांनी मिळून लिहून दिलं होतं की हा करार देशाला महागात पडेल. त्या पत्रालाही क्रमांक बाईंनीच टाकला होता.

तरी बाईंचा हात काही थांबला नाही. चारशे एक ते चारशे नऊ. वेळ, दहा चाळीस. इस्त्रीसाहेब खूश होऊन गेले.

सव्वाअकराला सचिवसाहेब जिना उतरून आले. हातात खोकं, खोक्यात दोन पुस्तकं, चष्म्याचं घर आणि एक पाणी प्यायचा पेला. तीस वर्षांपूर्वी हाच माणूस नवा-नवा अधिकारी म्हणून आला होता तेव्हा पत्रावर तारीख घालायला विसरायचा, आणि बाई त्याला परत पाठवायच्या. त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि काखेतली एक फाइल बाईंच्या पुढ्यात ठेवली.

ती फाइल अकरा खलाशांची होती. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या मालवाहू बोटीचं इंजिन बंद पडलं, बोट वाहत वाहत शेजारच्या देशाच्या हद्दीत गेली, आणि तिकडच्यांनी अकराही जणांना कोठडीत टाकलं. सचिवांनी दोन महिने घासाघीस करून तिकडच्या न्यायालयाकडून एक गोष्ट मिळवली होती. ही माणसं आमची आहेत आणि आम्ही त्यांना परत नेतो, असं सरकारने शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी दिलं तर सुटका. बारा टळले तर खटला, आणि खटला म्हणजे कमीत कमी सहा वर्षं.

"क्रमांक किती वाजता पडला, बाई?" सचिवांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं, दहा चाळीस.

"मी हमीपत्रावर अकराला सही करणार होतो," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

वीस मिनिटं. बाईंनी चष्मा पुसला असता, शिक्क्याची शाई वाळली म्हणाल्या असत्या, चहाला गेल्या असत्या, तरी वीस मिनिटं निघाली असती. आयुष्यभर लोकांनी टेबलावर फायली कुजवल्या आणि बढत्या घेतल्या. यांनी एकदा वीस मिनिटं कुजवायला हवी होती, तेव्हा वाऱ्यासारखा हात चालवला. बाई हळूच म्हणाल्या, साहेब, मागची वेळ घालून आता करा सही, मी नोंद सांभाळते. एकतीस वर्षांत असं वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

सचिवांनी मान हलवली. माझी बडतर्फी एव्हाना रेडिओवर झाली असेल, ते दुसऱ्याच कोणाबद्दल बोलल्यासारखे म्हणाले. तिकडचं न्यायालय वेळ तपासणार. खोटी वेळ सापडली तर अकरा जण कायमचे अडकले समजा. सही हवी ती पदावरच्या माणसाची, आणि खरी. एवढं बोलून त्यांनी खोकं उचललं. बाई त्यांच्यासोबत दरवाजापर्यंत गेल्या. त्या दिवशी टेबल सोडून एवढ्या लांब जाणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाकीच्यांना एकाएकी खूप काम आलं होतं.

आता वरचे नऊ गेले तरी खातं काही ओस पडलं नव्हतं. खाली उपसचिव होते, त्यांच्या खाली तीन अवर सचिव होते. नियम सरळ होता. वरचा गैरहजर असेल तर कार्यभार त्याच्या खालच्याकडे, आणि त्याची नोंद कार्यभाराच्या वहीत. तेव्हा सोमवारी दुपारीच बाई फाइल घेऊन उपसचिवांकडे गेल्या. उपसचिवांनी फाइल उघडली, पहिल्याच पानावर बडतर्फ सचिवांचं अक्षर पाहिलं आणि फाइल अशी मिटली, जणू आत विंचू निघाला. उद्या बघू म्हणाले. मंगळवारी त्यांची पाठ धरली. रजेचा अर्ज आला, सोबत वहीसाठी चिठ्ठी, कार्यभार पहिल्या अवर सचिवांकडे.

पहिल्या अवर सचिवांची बुधवारी दाढ दुखायला लागली. दुसऱ्या अवर सचिव बाई होत्या, त्यांच्या मामेसासऱ्यांची प्रकृती बुधवारी दुपारी अचानक बिघडली. हे मामेसासरे गेल्या वर्षीही एकदा बदलीच्या वेळी बिघडले होते आणि नंतर ठणठणीत होते. भल्याभल्यांची पळता भुई थोडी झाली होती. एक सही, अर्ध्या ओळीची, पण ज्या फाइलला सचिवांचा हात लागला तिला हात लावणारा दहावा ठरेल, हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी तयार नव्हतं, आणि बाई रोज वहीत नवीन नाव लिहीत होत्या.

खाली भेटीच्या खोलीत एका खलाशाची बायको सोमवारपासून येऊन बसत होती. बोटीवर तिचा नवरा स्वयंपाक करायचा. ती रोज दहाला यायची, बाकाच्या त्याच टोकाला बसायची, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नवऱ्याची कागदपत्रं. भांडायची नाही, रडायची नाही. बाईंना तिचं ते न भांडणंच सोसत नव्हतं. बुधवारी बाईंनी तिला स्वतःच्या डब्यातलं अर्धं खायला लावलं. ती खाताखाता म्हणाली, "माझ्या धाकट्याला वाटतं, बाबा बोटीवरच आहेत. शुक्रवारनंतर काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही."  मी वीस मिनिटं आधी शिक्का मारला, हे सांगायचं? त्यांनी डबा आवरला आणि वर गेल्या.

गुरुवारी संध्याकाळी तिसरे अवर सचिव बाईंच्या टेबलाशी आले. हे कायदा पाहायचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनीही रजेचा अर्ज पुढे केला. कारणाच्या रकान्यात नुसतं 'घरगुती' लिहिलं होतं, खोटं आजारपण रंगवायचा त्यांना कंटाळा आला असावा. मग नियमांचं पुस्तक उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. उद्या साडेदहाला हजेरीपट बंद झाला की इमारतीत हजर असलेल्यांत जो सेवेने सगळ्यात ज्येष्ठ, कार्यभार त्याचा. कक्ष अधिकाऱ्यांत एकतीस वर्षं कोणाची होती, हे काही सांगायला नको.

"तुम्हीपण उद्या रजा टाका, बाई," ते म्हणाले. "कोणीच नसलं की कोणाचाच दोष नाही. दोन वर्षं राहिली आहेत तुमची. बडतर्फ झालात तर निवृत्तिवेतन गेलं, सगळं गेलं."

ते काळजीने सांगत होते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला तोडून बोलता येतं. बाईंनी त्यांचा अर्ज घेतला, वहीत नोंद केली आणि पुस्तकातली ती ओळ पुन्हा दोनदा वाचली.

घरी गेल्यावर बाईंनी सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा भूमापन कचेरीत नकाशे काढायचा, आता निवृत्त. दोन खोल्यांचं घर, एका खोलीत त्याचं तिरपं टेबल आणि दुसऱ्या खोलीत सासूबाईंची खाट. त्याने अख्खं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं की, सचिवांवर बेतलं, त्यात तू कशाला पडतेस. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण ओल्याने आपण होऊन चुलीत उडी मारल्याचं कोणी ऐकलंय का? बाई म्हणाल्या, अहो, पण चूक माझी आहे. तो म्हणाला, चूक कसली, तू तुझं काम केलंस. त्यावर बाई चिडल्या. एवढ्या चिडल्या की सासूबाईंनी खाटेवरून विचारलं, काय सांडलं गं?

"सगळे आपापलं कामच करताहेत हो," बाई म्हणाल्या. "कोणाची पाठ, कोणाची दाढ. उद्या मीपण घरी बसले तर मला बोलणारा एकही माणूस नाही. पण ती बाकावर बसलेली असेल ना."

 नवऱ्याने टेबलावरचा कागद ओढला आणि त्याची पेन्सिल चालू लागली. दोघांचं आणि आईचं त्याच्या एकट्याच्या निवृत्तिवेतनात कसं भागेल, ते तो मांडत होता. बराच वेळ मांडलं. भागत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. शेवटी पेन्सिल ठेवून म्हणाला, सकाळी बसचा भरवसा नाही, मी तुला स्कूटरवर सोडतो.

शुक्रवारी नऊ वाजता बाई टेबलावर होत्या. हमीपत्र त्यांनी स्वतः टंकलं. अकरा नावं, अकरा जन्मतारखा, अकरा ओळखपत्रांचे आकडे, सगळं तीनदा पडताळलं. खाली जागा सोडली सहीसाठी, आणि सहीखाली लिहिलं, कक्ष अधिकारी, सचिवपदाचा प्रभारी कार्यभार. हे शब्द टंकताना त्यांना हसू आलं. आई असती तर म्हणाली असती, घोड्यावर बसायला निघालीस, रिकिबीत पाय तरी पोचतो का?

पण सही करायला साडेदहा वाजायला हवे होते. हजेरी बंद होण्याआधी कार्यभार त्यांचा नव्हता, आणि त्याआधीची सही म्हणजे पुन्हा खोटी सही. बाई हजेरीपट समोर घेऊन बसल्या आणि दरवाजाकडे पाहत राहिल्या. खरं सांगायचं तर त्या वाट पाहत होत्या. पाठ असो, दाढ असो, कोणीतरी एक जण शरमेने का होईना त्या दारातून आत यावा आणि त्याने म्हणावं, द्या इकडे.  तसं म्हणायला कोणी आलं नाही.

दहा वाजून अठरा मिनिटांनी दार उघडलं आणि इस्त्रीसाहेब आत आले. बातमी त्यांना पाठदुखीवाल्यांनीच घरून फोन करून दिली होती. अशा वेळी पाठ आड येत नाही. त्यांनी हमीपत्र उचलून वाचलं आणि शांतपणे सांगितलं की मंत्रीसाहेबांना या फाइलमधलं काहीही बाहेर जायला नको आहे. नव्या कराराची बोलणी त्याच देशाशी चालू आहेत, मध्येच हे खलाशांचं झेंगट नको.

"बरं," बाई म्हणाल्या. "तसं लिहून द्या."

इस्त्रीसाहेबांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. बाईंनी कोरा कागद त्यांच्याकडे सरकवला. हमीपत्र पाठवू नये, असं एका ओळीत लिहा, खाली सही करा. मी क्रमांक टाकते, फाइलला लावते आणि घरी जाते. तुमची ओळ आणि अकरा माणसं, दोन्ही एकाच फाइलमध्ये राहतील.

इस्त्रीसाहेबांनी कागदाकडे पाहिलं, हात काही लावला नाही. लेखी दिलं की गळ्यात आलं, हे त्यांना त्यांच्या वयाच्या मानाने फार लवकर कळलं होतं. त्यांचा आवाज तेवढा चढला. मग तुमचीच बडतर्फी आणतो, म्हणाले. मंत्रीसाहेब बैठकीत आहेत, सही व्हायला अर्धा-पाऊण तास लागेल, तोवर विचार करा.

"आणा," बाई म्हणाल्या. "माझं टेबल उघडंच आहे."

ते गेले. साडेदहाला बाईंनी हजेरीपटावर लाल रेघ ओढली. कार्यभाराच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं. मग हमीपत्र पुढे ओढलं. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो कागदांवर शिक्के मारले होते, पण हा कागद माझा, असं म्हणून एकावरही सही केली नव्हती. सही केली. पूर्ण नावाची. क्रमांक चारशे एकतीस, वेळ दहा एकेचाळीस. शिक्का मारला आणि कोणाला न सांगता स्वतः उठून संदेश कक्षात गेल्या. यंत्रातून कागद जाईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवून उभ्या राहिल्या आणि पोच हातात घेऊनच परत आल्या.

अकरा पंचवीसला त्यांची बडतर्फी आली. इस्त्रीसाहेबांनीच आणली. त्यांच्या चेहऱ्यावर गंमत बघायला आल्यासारखं काहीतरी होतं, कारण या आदेशालाही क्रमांक टाकणार कोण, तर बाईच. त्यांना वाटलं असावं, आता म्हातारी रडेल, नाहीतर टाळाटाळ करेल. बाईंनी आदेश वाचला. नावात चूक नव्हती, तारीख होती, सही होती. कागद बरोबर होता. त्यांनी क्रमांक टाकला, चारशे बत्तीस, वेळ लिहिली, अकरा सव्वीस, आणि शिक्का मारला. एका मिनिटाच्या आत कागद इस्त्रीसाहेबांच्या हातात परत होता. मग बाईंनी ड्रॉवरमधली पर्स काढली आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

घ्यावा की न घ्यावा, एक क्षण बाईंना कळेना. टेबल आता त्यांचं नव्हतं. पण खोलीत दुसरं होतं कोण? इस्त्रीसाहेब फोनकडे बघत नुसते उभे होते. बाईंनी उचलला. पलीकडे आपल्याच दूतावासाचा वकील होता, तिकडच्या न्यायालयातून बोलत होता. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. तो घाईने म्हणाला, हमीपत्र पोचलं, नावं जुळली, पण इथले प्रबंधक अडून बसलेत. तुमच्या खात्यात या आठवड्यात काय चाललंय ते इथल्या वर्तमानपत्रांत रोज येतंय. त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे, आणि उत्तर ते नोंदीत घेणार आहेत. सही करणाऱ्या अधिकारी या घटकेला पदावर आहेत का?

भिंतीवरच्या घड्याळात अकरा बत्तीस झाले होते. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? एका अक्षराचं काम. बाईंना कोठडी दिसली, बाक दिसलं, आणि सचिवांचं बोलणं आठवलं. इस्त्रीसाहेब कान देऊन उभे होते. बाई खोटं बोलल्या असत्या तर तोच माणूस पुढच्या पाच मिनिटांत तिकडे खरं कळवणार होता.

"नाहीत," बाई म्हणाल्या. "अकरा सव्वीसला बडतर्फ झाल्या. सही दहा एकेचाळीसची आहे. हमीपत्राचा क्रमांक चारशे एकतीस, बडतर्फीचा चारशे बत्तीस. दोन्ही एकाच वहीत, एकाखाली एक. वहीचं पान हवं असेल तर आत्ता पाठवते."

पलीकडे वकिलाने ते भाषांतर करून सांगितलं. मग बराच वेळ नुसता गलका. कोणीतरी काहीतरी विचारत होतं, कोणीतरी कागद उलटत होतं. बाईंनी फोन कानाशी इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

"प्रबंधक म्हणतात, सही केली तेव्हा पदावर होत्या, तेवढं पुरे," वकील परत आला. त्याचा आवाज बदलला होता. "म्हणतात, आज सकाळपासून तुमच्या देशातून कळलेली ही पहिली सरळ गोष्ट. नोंद झाली. अकराही जण आजच सुटतील. आणि उत्तर देणाऱ्याचं नाव लिहायचंय, आपण कोण बोलताय?"

"मीच ती," बाई म्हणाल्या. "बडतर्फ झालेली."

फोन ठेवून त्या उठल्या. इस्त्रीसाहेब दारातून बाजूला झाले. बाई जिना उतरल्या. खाली पहारेकऱ्याने त्यांचं ओळखपत्र मागून घेतलं. तो ओशाळला होता. वरून हुकूम आलाय, म्हणाला. आता आत थांबायचं असेल तर बाहेरच्या माणसाप्रमाणे भेटीच्या खोलीतच बसावं लागेल.

बाई भेटीच्या खोलीत गेल्या आणि बाकावर, त्या बाईच्या शेजारी बसल्या. तिने पिशवी घट्ट धरून त्यांच्याकडे पाहिलं. 

"सुटले," बाईंनी सांगितलं. "अकराही."